आधी चालायला शीक, मग पळ: याला आपल्याकडे नेमकं काय म्हणतात?

मातकट | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही स्टोक-ऑन-ट्रेंटला राहतो. इंग्लंडमधलं कुंभारांचं गाव. खरं तर सहा गावं, १९१० साली एकत्र केलेली, पण जुने लोक अजून ‘मी बर्स्लेमचा’, ‘मी लाँगटनची’ असंच सांगतात. या सगळ्या भागाला ‘द पॉटरीज’ म्हणतात. अशा गावात राहून चाकाला हात न लावणं म्हणजे नाशकात राहून गोदावरी न बघणं. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी वर्गाला जाते.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, काय करायचंय? मी म्हटलं, चहाची किटली. आई पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे, तिला माझ्या हातच्या किटलीतून चहा द्यायचाय. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मातीचा गोळा हातात ठेवला आणि म्हणाल्या, “यू हॅव टु वॉक बिफोर यू कॅन रन, डक.” (डक म्हणजे बदक नव्हे. इथे बसड्रायव्हरपासून दुकानदारापर्यंत सगळे सगळ्यांना डक म्हणतात. पहिले दोन महिने मी मनातल्या मनात पंख फडफडवत होते.)

तेव्हापासून आज सहा आठवडे मी नळकांडी करतेय. सरळसोट, बिनकानाची, बिनझाकणाची. गोळा चाकाच्या मधोमध आणायचा, कोपर मांडीवर टेकून तो डुलेनासा होईपर्यंत दाबून धरायचा, मग अंगठा घालून उघडायचा आणि भिंत वर ओढायची. झालं की बाई येतात, तार घेतात आणि माझं नळकांडं उभं कापून दोन फाका करतात. आत बघायला. तळाशी भिंत भाकरीएवढी, वर पापडाएवढी. “अगेन.” बस्स.

हे आईला फोनवर सांगत होते. म्हटलं, बाई म्हणाल्या आधी चालायला शीक, मग पळ. आई म्हणाली, “कुणाला पळायचंय? तुझा गुडघा परत दुखतोय का?” म्हटलं, म्हण आहे गं. तर म्हणते, “मग सरळ पी हळद अन् हो गोरी म्हण की.” पण ते तेच नाही ना? तर प्रश्न असा: याला मराठीत नेमकी म्हण कोणती?

जुनी_पाटी | सोमवार, रात्री १०:४१

स्वागत मातकटताई. धागा आवडला.

सोपं आहे. आधी पाया, मग कळस. ही म्हण नसली तरी वाक्प्रचार म्हणून घरोघरी चालतो. आणि तुम्ही किटली मागितलीत त्यावर ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत होतो, ही म्हण दिवसाला दोनदा तरी वापरली असेल.

आमच्या आजोबांच्या पिढीत धुळाक्षरं होती. पाटावर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं अक्षर गिरवायचं. चुकलं की हात फिरवायचा, अक्षर गेलं. बोट वळल्यावर मग बोरू, मग कागद. कागद महाग होता हे खरं कारण, पण हातही त्यानंच वळायचा. बाईंच्या तारेचं आणि त्या धुळीचं काम एकच दिसतंय.

बग_बाजीराव | सोमवार, रात्री ११:०३

आमच्या ऑफिसात हे रोज ऐकतो. क्रॉल, वॉक, रन. प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या स्लाइडवर तीन चित्रं: रांगणारं बाळ, चालणारा माणूस, पळणारा माणूस. मुळात ही अमेरिकन सैन्याची प्रशिक्षणाची पद्धत. आधी सावकाश, एकेक हालचाल समजावत करून घ्यायची, मग जरा वेगात, मग खऱ्यासारख्या परिस्थितीत. तिथून ती कंपन्यांत शिरली.

अकरा वर्षांत एकही प्रकल्प पळताना पाहिला नाही. बाळ रांगायला लागलं की निधी संपतो आणि नवा साहेब नवीन बाळ घेऊन येतो.

मातकट | सोमवार, रात्री ११:२०

:D :D

पाटीकाका, ‘आधी पाया मग कळस’ ठीक आहे, पण त्यात इमारत आहे, माणूस नाही. या म्हणीत अंग शिकतंय. आणि ‘उतावळा नवरा’ मध्ये मला टोमणा ऐकू येतो. बाईंच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

शब्दवेल्हाळ | मंगळवार, सकाळी ७:५५

चहा गार झाला तरी चालेल, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय कामाला बसणार नाही. (भाषांतर हा पोटाचा धंदा आहे.)

इंग्रजी म्हण मुळात पळण्याची नाहीच, रांगण्याची आहे. जॉन हेवूड नावाच्या माणसानं १५४६ साली म्हणींचा मोठा संग्रह छापला, त्यात ती अशी येते: मुलं ‘गो’ करण्याआधी रांगायला शिकतात. गंमत त्या ‘गो’ मध्ये आहे. आज आपण गो म्हणजे जाणं शिकतो. तेव्हा त्याचा एक साधा अर्थ पायी चालणं असाही होता. म्हणजे रांगणं आणि चालणं, एवढीच दोन टोकं होती. पळणं नंतर आलं. लोक घाईत आले असावेत. ‘रोम एका दिवसात बांधलं नाही’ आणि ‘घोड्याच्या पुढे गाडी’ या दोन्हीही त्याच संग्रहात सापडतात.

आता भाषांतराचे खड्डे. ‘घोड्याच्या पुढे गाडी’ साठी आमच्यातले अर्धे लोक ‘वरातीमागून घोडे’ ठोकून देतात. साफ चूक. वरातीमागून घोडे म्हणजे वेळ निघून गेल्यावर केलेली गोष्ट. इंग्रजी म्हणीत वेळ चुकलेली नाही, क्रम चुकलाय. घोडा दोन्हीकडे दिसला की हात शिवशिवतात, त्याला काय करणार.

दुसरा खड्डा ‘चावता येईल त्यापेक्षा मोठा घास तोडणे’. याला ‘लहान तोंडी मोठा घास’ लिहिलेलं मी छापील पुस्तकात पाहिलंय. इंग्रजी माणूस म्हणतोय, झेपणार नाही एवढं काम अंगावर घेतलंस. मराठी माणूस म्हणतोय, आपल्या पायरीपेक्षा मोठं बोललास. एक क्षमतेचं, दुसरं पायरीचं. घास तोच, घरातलं वातावरण वेगळं.

आणि मातकटताईंचं निरीक्षण मला पटतं. आपल्या या भागातल्या म्हणी घे: उतावळा नवरा, पी हळद हो गोरी, अर्ध्या हळकुंडाने पिवळा, बाजारात तुरी. सगळ्या घाई झालेल्या माणसाची खिल्ली उडवतात. कुठल्या पायरीनंतर कुठली पायरी, हे एकही सांगत नाही.

ठेका_धरा | मंगळवार, सकाळी ९:३०

कारण ते सांगायला म्हण लागत नाही, गुरुजी असतात. मी नववीत तबला शिकायला गेलो तेव्हा मला तिरकिट हवं होतं. गुरुजींनी चार महिने तबल्याला हातच लावू दिला नाही, नुसती पढंत. हातावर टाळी द्यायची आणि तोंडानं बोल म्हणायचे. नंतर महिनाभर फक्त ‘ना’. चाटेवरचं एक बोट. गुरुजी आतल्या खोलीत जेवत असायचे आणि तिथून ओरडायचे, “ना नाही आला!”

तिरपागडे | मंगळवार, दुपारी १:१५

सगळे डोळे पुसताहेत म्हणून विरजण घालतो.

ही म्हण चालणारा माणूस रांगणाऱ्याला सांगतो. कधी उलटं ऐकलंय? मी सतराव्या वर्षी पुण्यात एका गॅरेजमध्ये लागलो. पहिली दोन वर्षं झाडू, चहा आणि ‘दहा-अकराचा पाना दे’. उस्तादला विचारलं, इंजिन कधी उघडू? ‘आधी पाने ओळखायला शीक.’ पाने मला पंधरा दिवसांत ओळखता येत होते. उरलेलं दीड वर्षाहून जास्त मी शिकत नव्हतो, फुकट राबत होतो. इंजिन शिकलो ते उस्ताद गावाला गेला तेव्हा. गिऱ्हाईक दारात उभं, मी आणि एक स्कूटर. उघडली. दोन वॉशर उरले, पण चालू झाली.

आपल्याकडे म्हण आहे ना, पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. इंग्रजांकडेही आहे: खोल बाजूला ढकलून देणं. मग दोन्ही म्हणी एकाच वेळी खऱ्या कशा?

ताई, किटली करा. बिघडू दे.

बग_बाजीराव | मंगळवार, दुपारी १:२२

उरलेले दोन वॉशर कुठले होते?

तिरपागडे | मंगळवार, दुपारी १:२४

अजून माहीत नाही. स्कूटरवाल्याला बहुतेक कळलं असेल.

शब्दवेल्हाळ | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

तिरपागडेंच्या बाजूनं एक पुरावा मीच देतो. इंग्रजीत ‘विन युअर स्पर्स’ म्हणतात, म्हणजे स्वतःला सिद्ध करणं. स्पर म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेची टोचणी, सरदारकीची खूण. १३४६ साली क्रेसीच्या लढाईत इंग्लंडच्या राजाचा सोळा वर्षांचा मुलगा ऐन गर्दीत अडकला. राजाकडे मदत मागायला माणूस आला. फ्रॉइसार नावाचा इतिहासकार सांगतो की तिसऱ्या एडवर्डनं विचारलं, पोरगा मेलाय का? जखमी आहे का? नाही म्हटल्यावर मदत पाठवली नाही. पोराला स्वतःच्या टोचण्या कमावू दे, म्हणाला. खोल बाजूला ढकलणं ते हेच.

मात्र तो मुलगा त्याआधी घोड्यावर बसायला शिकलेला होता, हे विसरू नये.

डोलकाठी | मंगळवार, रात्री ९:०५

मी रत्नागिरीचा, जहाजावर तीस वर्षं काढली. ‘लर्न द रोप्स’ इथे कोणी आणलं नाही याचं नवल वाटलं.

ऑफिसात नवीन पोराला ‘दोर शिकव’ म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं दोर म्हणजे काहीतरी युक्त्या. शिडाच्या जहाजावर दोर म्हणजे शब्दशः दोर. वर शिडांची रास आणि खाली कठड्याला खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीला वेगळा दोर. दिवसा कुणीही बघून सांगेल. खरी परीक्षा रात्री, पाऊस तोंडावर येतोय, जहाज कललंय, वरून हुकूम आला आणि अंधारात हात घालून तुला तोच दोर सापडला पाहिजे. शेजारचा सोडलास तर शीड सुटून कुणाचं तरी डोकं फुटेल. म्हणून नवा खलाशी आधी दोर शिकायचा. वाऱ्याचं ज्ञान नंतर.

आणि गंमत, जहाजावर ‘रोप’ असं नाव क्वचितच कुठल्या दोराला असतं. शीड वर चढवतो तो हॅलयार्ड, कोपरा ताणून धरतो तो शीट. शीट म्हणजे कापड नव्हे! म्हणून दारुड्याला ‘थ्री शीट्स टु द विंड’ म्हणतात. तीन दोर सुटलेत, शिडं फडफडताहेत, जहाज झोकांड्या खातंय.

आजही हे संपलेलं नाही. आपल्या नौदलाचं ‘तरंगिणी’ नावाचं तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज आहे. गोव्याच्या गोदीत बांधलं, १९९७ साली नौदलात आलं. त्यावर नवीन पोरांना शिकायला पाठवतात. पुढे ती पोरं ज्या युद्धनौकांवर जाणार त्यांवर एकही शीड नसतं. तरी पाठवतात. वारा, लाट आणि आपलं वजन यांचं गणित इंजिन लावलं की कळत नाही, म्हणून.

ठेका_धरा | मंगळवार, रात्री ९:११

काका, यावर स्वतंत्र धागा हवा. खुंट्यांच्या फोटोसकट.

डॉ_खडीसाखर | बुधवार, सकाळी ८:२०

बालरोगतज्ज्ञ म्हणून राहवत नाही. सगळे ‘आधी रांगतं, मग चालतं’ गृहीत धरून चालले आहेत. (कोटी अनवधानाने.)

जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या बाळांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४.३ टक्के बाळं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. कुणी बुडावर सरकत गेली, कुणी थेट उठून उभी राहिली. चालायला सगळी शिकली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२२ मध्ये बाळांच्या टप्प्यांची यादी सुधारली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. माझ्याकडे महिन्यातून एक तरी आजी येते, “डॉक्टर, हा रांगलाच नाही, पुढे काही होणार नाही ना?” आजी, तो तुमच्या मागे स्वयंपाकघरात पोचलाय, बघा.

दुसरा अभ्यास न्यूयॉर्कचा, २०१२ चा. नुकत्याच चालायला लागलेल्या मुलांची मोकळी खेळताना मोजणी केली. एका तासात सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! मूल आधी रांगण्यात पारंगत होऊन मग चालायला लागतं असं नाही. चांगलं रांगता येत असताना, वेगानं हवं तिथे पोचता येत असताना, ते उठून वाईट चालायला लागतं. का, ते त्यालाच माहीत.

म्हणजे म्हण चुकीची असं नाही, पण तिच्यातलं बाळ जरा जास्त आज्ञाधारक आहे.

तिरपागडे | बुधवार, सकाळी ८:३१

डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात येऊन पाया पडतो.

जुनी_पाटी | बुधवार, सकाळी ११:००

डॉक्टरसाहेब, आकडे मान्य. पण सतरा वेळा पडायला मऊ सतरंजी आणि मागे आई लागते. गॅरेजमधल्या स्कूटरवाल्याला विचारा.

बाळावरून आठवलं. इंग्रजीत ‘कट युअर टीथ’ म्हणतात, एखाद्या कामावर पहिला अनुभव घेणं. आमच्या एका शिक्षकांनी वर्गात ‘दात घासले’ असा अर्थ सांगितला होता, देव त्यांचं भलं करो. ते हिरडी कापून बाहेर येणारे दात. आणि आपण काय म्हणतो? ‘अजून दुधाचे दात पडले नाहीत.’ त्यांच्याकडे दात आले की शिकायला सुरुवात झाली. आपल्याकडे पडल्याशिवाय मोजतच नाहीत!

ओले कानही तसेच. ते म्हणतात, कानामागे अजून ओलं आहे, नुकतंच जन्मलेलं वासरू असतं तसं. आपण म्हणतो, ओठ पिळले तर दूध निघेल.

मातकट | गुरुवार, रात्री ११:४८

वर्गातून आत्ता आले. मातीचे हात धुतले, जेवले नाही, आधी इथे.

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तासाला सतराचा आकडा बाईंना सांगितला. म्हणाल्या, “साउंड्स अबाउट राइट.”

आता कबुली. गेल्या गुरुवारी बाई दुसऱ्या टेबलावर होत्या तेव्हा मी एक नळकांडं कापू न देता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फळीवर मागे सरकवून ठेवलं होतं. जरा पोट दिलं होतं त्याला. (म्हणजे तिरपागडे, तुमचा सल्ला यायच्या आधीच गुन्हा झाला होता.) आज काढलं. माती चामड्यासारखी झाली होती, नखानं ओरखडा उठेल पण दाबल्यावर दबणार नाही अशी. याच वेळी कान आणि तोटी लावायची असते. ओली असताना लावली तर खचते, सुकल्यावर लावली तर तडकते. तोटी वेगळी केली, भोकं पाडली, दोन्हीकडे ओरखडे काढले, मातीचा राबडा लावून चिकटवली. कान लावला. झाकण पुढच्या वेळी म्हटलं. लांबून बघितलं तर किटली! खरीखुरी! मला तर रडूच यायला लागलं.

बाई आल्या. काही बोलल्या नाहीत. लाकडी पट्टी घेतली, तोटीच्या टोकाला टेकवली आणि आडवी धरली. पट्टीचं दुसरं टोक किटलीच्या पोटावर निम्म्याच्या जरासं वर आलं. तिथे नखानं रेघ मारली. “टी, अप टु हिअर,” म्हणाल्या. “आफ्टर दॅट, टेबलक्लॉथ.”

तोटीचं टोक किटलीच्या काठाएवढं उंच हवं. नाहीतर किटली भरायच्या आधीच चहा तोटीतून बाहेर. आयुष्यभर किटल्या पाहिल्या, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, कापू का? मी हो म्हटलं. कापली. आणि मंडळी, भिंत चांगली होती. वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकसारखी. बाईंनी कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, दोनदा.

तिरपागडे | गुरुवार, रात्री ११:५५

बघा! एका संध्याकाळी तोटीचं सगळं शास्त्र कळलं. सहा आठवड्यांच्या नळकांड्यांत कळलं असतं?

जुनी_पाटी | शुक्रवार, सकाळी ६:१०

आणि सहा आठवड्यांची नळकांडी नसती तर तोटी लावायला पोट कुठून आलं असतं? ती पट्टी धरायला काही तरी उभं राहावं लागतं बाबा.

शब्दवेल्हाळ | शुक्रवार, सकाळी ९:४५

भांडू नका, कंत्राट बघा. ताई, तुमच्याच गावच्या जोसाया वेजवुड या नामांकित कुंभाराचा उमेदवारीचा (म्हणजे शिकाऊ म्हणून राहण्याचा) करार आहे ना?

मातकट | शुक्रवार, दुपारी २:३०

आहे. १७४४ चा. पोरगा चौदा वर्षांचा, मोठ्या भावाकडेच पाच वर्षं उमेदवार. काय शिकायचं तेही लिहिलंय: चाकावर भांडी घडवणं आणि त्यांना कान लावणं. भाऊ असला तरी लेखी! लहानपणी देवी येऊन त्याचा गुडघा अधू झाला होता, १७६८ मध्ये तर पायच कापावा लागला. म्हणतात की त्यामुळेच तो चाकापासून दूर गेला आणि माती आणि झिलईच्या प्रयोगांकडे वळला. म्हणजे जगभर नाव झालं ते चाकावर न बसता. पण बोटांना चाक माहीत होतं.

त्या काळच्या अशा करारांत ‘आर्ट अँड मिस्टरी’ असा शब्दप्रयोग असतो. मिस्टरी म्हणजे रहस्य का? की आपला मिस्त्री?

ठेका_धरा | शुक्रवार, दुपारी २:४१

मिस्त्रीच! शंभर टक्के!

शब्दवेल्हाळ | शुक्रवार, दुपारी ३:१०

शंभर टक्के नाही. :) तिथला मिस्टरी म्हणजे धंदा, कसब. तो लॅटिनमधल्या सेवा-कामाच्या शब्दावरून आलाय, रहस्याशी संबंध नाही. आपला मेस्त्री किंवा मिस्त्री पोर्तुगीज ‘मेस्त्रे’ वरून, आणि तो इंग्रजी ‘मास्टर’ चा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे रूप एकाचं, रक्त दुसऱ्याचं.

मास्टरवरून ‘मास्टरपीस’. आपण त्याचं भाषांतर ‘अजरामर कलाकृती’ करतो आणि फुलं वाहतो. मुळात ती परीक्षेची वस्तू होती. उमेदवारी संपली, काही वर्षं रोजंदारीवर काम केलं की कारागिरांच्या संघापुढे एक वस्तू करून ठेवायची. पसंत पडली तर तू मेस्त्री, दुकान टाकायला मोकळा. म्हणजे मास्टरपीस ही कारकिर्दीची अखेर नव्हे, दुकानाचा परवाना.

आणि तो करार, ‘इंडेंचर’, त्यात पुन्हा दात आहेत! एकाच कातड्यावर दोन प्रती लिहायच्या आणि मधून दातेरी रेघेत कापायच्या. एक मालकाकडे, एक उमेदवाराकडे. भांडण झालं की दात जुळवून बघायचे. तिरपागडे, तुमच्या उस्तादकडून असा कागद घेतला असतात तर पाने ओळखायला किती दिवस ते त्यात आलं असतं.

तिरपागडे | शुक्रवार, दुपारी ३:३६

हे मात्र बिनविरोध मान्य. माझं भांडण रांगण्याशी नव्हतंच. किती दिवस रांगायचं ते कुणी लिहून देत नाही, त्याच्याशी होतं.

बग_बाजीराव | शुक्रवार, दुपारी ३:४०

धागा वाचनखूण म्हणून साठवला. सोमवारच्या बैठकीत साहेबांना विचारणार, स्लाइडवरच्या बाळाचा करार किती वर्षांचा आहे.

जुनी_पाटी | शुक्रवार, रात्री ८:००

मूळ प्रश्न राहिला. मराठीत नेमकी म्हण कोणती? माझं मत बदललं नाही, पण आता खात्री कमी झाली आहे.

डोलकाठी | शुक्रवार, रात्री ८:१९

‘ना नाही आला’ ही चालेल.

मातकट | तीन आठवड्यांनंतर, शनिवार, सकाळी ११:०५

धागा वर काढतेय, माफी असावी.

किटली अजून नाही. कापलेल्या किटलीची अर्धी फाक बाईंनी भट्टीत भाजून दिली, रेघेसकट. स्वयंपाकघरात खिडकीत ठेवलीय. आता साखरदाणी सांगितलीय, झाकणाची. किटलीचं झाकण नीट बसायला हवं असेल तर आधी साखरदाणीचं बसव, असं म्हणाल्या. झाकण आणि भांडं एकाच मातीचं, एकाच दिवशी करायचं, कारण सुकताना आणि भाजताना दोन्ही आकसतात आणि सारखीच आकसली पाहिजेत. कॅलिपरनं मापून केलं तरी माझं पहिलं झाकण आत पडलं, दुसरं डोक्यावर टोपीसारखं बसलं, तिसरं डुगडुगतंय.

डोलकाठीकाकांची म्हण बाईंना भाषांतर करून सांगितली. त्यांना ‘ना’ म्हणजे काय ते समजावण्यात पंधरा मिनिटं गेली. मग त्यांनी टेबलाच्या कडेवर एका बोटानं वाजवून बघितलं. नाही आला.

आईला सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत बहुतेक साखरदाणीच होईल. ती म्हणाली, “बरं झालं बाई. किटलीतला चहा मला तसाही आवडत नाही, गार होतो.”